विचार तिला

जुन्नरला नर्सिंगच्या हॉस्टेलवर आम्हाला संध्याकाळी सात ते आठ एवढाच वेळ फोन मिळायचा. त्या वेळात लोणीहून घरचा फोन यायचा. फोन आईच्या हातात, पण स्पीकरवर, कारण शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, बसलेले असत. ते माझ्याशी थेट बोलत नसत. राग नव्हता, मी मोठी झाल्यापासून ते असंच चालत आलं होतं.

"विचार तिला, जेवली का," अण्णा म्हणत. मला स्वच्छ ऐकू येई, तरी आई विचारी, "जेवलीस का?"

"जेवले."

"जेवली म्हनती," आई त्यांना सांगे.

दुसऱ्या वर्षी वॉर्डात ड्युटी लागली आणि मला ते काम झेपेना. जखम उघडली की मळमळायचं. इंजेक्शन देताना हात थरथरायचे. एकदा एका म्हाताऱ्या पेशंटनंच मला धीर दिला, "टोच बाई, मी न्हाई ओरडत." मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि कोर्स सोडायचं ठरवलं. पण स्पीकरवर 'सगळं ठीक' याशिवाय काही बोलता यायचं नाही.

त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात एक कागद भरायला दिला. 'घरी मनातलं मोकळेपणानं बोलता का?' मी 'नेहमी'वर खूण केली. शेजारची तळेघरची मुलगी बराच वेळ पेन धरून बसली होती. तिनं माझ्या कागदाकडे बघितलं आणि 'नेहमी'वरच खूण केली.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आई मेंढरांची जागा झाडत होती. मी म्हटलं, "आई, मला कोर्स सोडायचाय."

तिचा हात थांबला. "मला सांगू नको," ती म्हणाली. "मला म्हाईत झालं तर मला त्यांना सांगावं लागंल. त्यांनी समद्यांला सांगून ठेवलंय, पोरगी नर्स व्हनार म्हणून."

"मग मीच सांगते अण्णांना."

"बघ बाई. तुझं तू."

संध्याकाळी अण्णा ओट्यावर दोर वळत बसले होते. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघितलं.

"तिला म्हणावं, दीडच वरीस ऱ्हायलंय. काढ कसंबी."

आई माझ्यापासून हातभर अंतरावर होती. "दीडच वरीस ऱ्हायलंय म्हनत्यात," ती मला म्हणाली. "काढ."

मी अण्णांकडे बघत राहिले. ते पुन्हा दोर वळायला लागले होते. शेवटी मी आईला म्हटलं, "बरं."

चार दिवसांनी एसटीनं परत गेले. कोर्स सोडायचं मी फक्त तळेघरच्या मुलीला सांगितलं होतं. तिनं विचारलं, "बोललीस का घरी?" मी म्हटलं, "बोलले." पुढचं तिनं विचारलं नाही.

हात थरथरायचे थांबले ते तिसऱ्या वर्षी कधीतरी; नेमकं कधी, ते माझ्याही लक्षात आलं नाही. आता मी मंचरला एका दवाखान्यात नोकरी करते. अवघड बातमी सांगायची असली की नातेवाइकांशी बोलायला मलाच पुढे करतात, आणि मी नीट बोलते. काम जमतं. आवडतं का, हे मला घरात कुणी विचारलेलं नाही. विचारलंच तर काय सांगायचं, तेही मला माहीत नाही.