पेटीतली फुलीची अंडी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'अंडेवाले' म्हणते. विकलं मात्र एकही नाही. हे प्रयोगशाळेत मदतनीस. कोंबडीच्या अंड्याला वरून चौकोनी खिडकी पाडायची, आतल्या ठिपक्याएवढ्या जिवावर रंगाचा थेंब सोडायचा, चिकटपट्टी लावून अंडं परत उबवणीच्या पेटीत ठेवायचं. रंगलेल्या पेशी कुठे कुठे गेल्या, ते मग साहेब बघणार. नोकरीभर हेच.

घरी जेवतानाही तेच पुराण. "पाठीवर दोन कडा उठतात, एकमेकींकडे झुकतात आणि मिटतात. तिथेच मेंदू होतो. काठावरच्या पेशी मात्र शेजारणींचे हात सोडवून चालायला लागतात. कुणी जबड्याचं हाड होते, कुणी कातडीचा रंग धरते. एकदा झाली की झाली, मागे फिरणं नाही."

मी म्हणायची, "अहो, भाजीत मीठ आहे का ते सांगा आधी."

काही अंड्यांत त्या कडा मिटतच नसत. साहेब म्हणायचे, फेकून द्या. हे पेन्सिलीने फुली मारायचे आणि गुपचूप पेटीच्या मागच्या कप्प्यात ठेवायचे. कितीदा बोलणी खाल्ली, पण खोड गेली नाही. मला वाटायचं, ह्या माणसाची आशा काही सुटत नाही. मी थट्टाही खूप केली.

यंदा आमच्या लेकीला दिवस गेले. तपासणीला मीच सोबत होते. पडद्याकडे बघता बघता डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवलं. बाळाचं डोकं वरून मिटलंच नव्हतं. जन्मलं तरी काही तासांचं, त्या म्हणाल्या. ठेवायचं की नाही ते लवकर ठरवा. जावई परगावी. फोनवर नुसता रडला आणि "तू म्हणशील तसं" म्हणाला.

घरी येऊन लेक थेट बापासमोर बसली.

"बाबा, अजून बरेच दिवस आहेत. मिटेल ना?"

हे चष्मा पुसत राहिले. मी मनात म्हणत होते, हो म्हणा हो, खोटं का होईना.

"नाही बाळा. तुला दिवस गेल्याचं कळलं, तोवर ती वेळ निघून गेली होती."

"तुमच्या अंड्यांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग परत का ठेवायचात?"

"हृदय चालू असायचं गं. उबेत आहे तोवर चालतं. माझ्याच्याने बाहेर काढवायचं नाही."

म्हणजे आशा नव्हतीच कधी. इतक्या वर्षांची माझी थट्टा मला बोचली, आणि ह्यांचा रागही आला, की आता तरी खोटं बोलायचं होतंत.

लेकीने पोटावर हात ठेवला. म्हणाली, "माझंही राहू दे. उबेत आहे तोवर."

ह्यांनी उठून उघडी खिडकी लावली आणि स्वतःची शाल तिला पांघरली. डॉक्टरीणबाईंना उद्या मी कळवणार आहे, की आम्ही ठेवतोय. पाळणा मात्र आणायचा नाही, हे कुणाला सांगावं लागलं नाही.