शेंद्र्याच्या कँटीनमधला घास

आमच्या आईला माझ्या मैत्रिणीचा उपास कधीच पटला नाही. "भाकरी चालते, वरण चालतं, वांगं चालतं, आन् दूध तेवढं चालत नाय? असला कसला गं उपास?" असं ती दर शुक्रवारी विचारायची आणि मैत्रीण दर शुक्रवारी नुसतं हसून भाकरी पुढं ओढायची. ती इथिओपियाची. औरंगाबादच्या विद्यापीठात माझ्याच वर्गात मॅनेजमेंट शिकायला आलेली. बुधवारी आणि शुक्रवारी तिच्या धर्मात दूध, तूप, अंडी, मांस सगळं बंद. आमच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि वर दही असतं हे ऐकून ती एकदा म्हणाली, "मग तुम्ही सोडता तरी काय?" आई दोन दिवस धुसफुसत होती.

त्या शुक्रवारी आम्ही माझ्या स्कूटीवर कंपन्या पालथ्या घालायला निघालो. अभ्यासक्रमात दोन महिन्यांचं ट्रेनिंग होतं. मला ते केव्हाच मिळालं होतं. हिला कुणी घेईना. सोमवारी ट्रेनिंग सुरू झालं नाही तर तिचं वर्ष जाणार, वर्ष गेलं की शिष्यवृत्ती बंद, म्हणजे डिग्री न घेताच परत घरी. इतकी सरळ गोष्ट, पण साहेब लोकांच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

गुलमंडीवर लिंबू पिळून पोहे खाल्ले आणि आधी चिकलठाण्याला गेलो. तिथल्या साहेबांनी मोठ्या प्रेमानं चहा मागवला. चहा आला आणि हिनं हात जोडून "नको" म्हटलं. आता आपल्याकडं एखादं उत्तर चुकलेलं खपतं, चहा नाकारलेला खपत नाही. मी उपासाचं सांगायला गेले, तर साहेब म्हणाले, "उपासाला चहा चालतो की!" झालं! त्यानंतर त्यांचा सूरच बदलला. "हिचं इथं कोण आहे? उद्या आजारी पडली तर बघायचं कुणी?"

"सर, हे शहर आमच्याच मुलखातल्या माणसानं वसवलंय," ती म्हणाली. खरंच होतं ते, चारशे वर्षांपूर्वी तिकडून गुलाम म्हणून आलेल्या वजिरानंच हे गाव वसवलं होतं. पण साहेब खो खो हसले आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं. मला राग यायला वेळ लागत नाही. "दोन घोट घेतले असतेस तर काय आभाळ कोसळलं असतं का?"

"आईला शब्द दिलाय," एवढंच म्हणून ती मागं बसली. शेंद्र्यापर्यंत मी रागानं स्कूटी दामटली. ऊन असं की स्कूटीचं हँडल हाताला चटके देत होतं.

शेंद्र्याच्या कंपनीतले साहेब सोयगावकडचे. भरघोस मिशा, आवाज दणदणीत. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि तितक्याच नीट नकार दिला. "पोरगी हुशार आहे, व्हय. पण परदेशी लेकरू, काही झालं तर जबाबदारी कुणाची? मला नाय जमायचं." आम्ही उठलो, तर लगेच म्हणाले, "कुठं निघाल्या? जेवायची वेळ झाली. उपाशी नाय जायचं इथनं."

मनात म्हटलं, नोकरी नको, चाकरी नको, जेवण तेवढं घ्या! पण पोटात कावळे ओरडत होते. गेलो कँटीनला. साहेबांनी आपला घरचा डबा मध्ये उघडून ठेवला. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. नशिबानं सगळं तिच्या उपासाला चालणारं. साहेब आग्रह करायला लागले. "घे गं, लाजू नको. आपलंच घर समज. मी तुझ्या घरचाच."

हे आपण सगळे म्हणतो. दारात आलेल्या विमा एजंटालाही म्हणतो. त्यावर "हो, हो" म्हणायचं आणि अर्धी भाकरी कमी खायची, हा आपला रिवाज. तिला कुठं माहीत! तिनं साहेबांकडं टक लावून पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्यात वांगं गुंडाळलं आणि तो घास थेट साहेबांच्या तोंडासमोर धरला.

अख्ख्या कँटीनचे हात ताटातच थांबले. आपल्याकडं बाई पुरुषाला घास भरवते ती लग्नाच्या पंगतीत, आणि तेही नाव घ्यायला लावून. इथं शंभरेक कामगारांच्या समोर, मोठ्या साहेबाला! मी टेबलाखालून तिला लाथ मारली. साहेब कानापर्यंत लाल. हिचा हात मात्र तसाच वर.

"सर, याला त्यांच्याकडं गुर्शा म्हणतात," मी घाईघाईनं म्हटलं. "घरच्या माणसाला हातानं भरवतात. मला तर तिच्या हॉस्टेलवर गेले की सारखी भरवते. नाही म्हटलं तर लई वाईट वाटतं त्यांना."

मागं कुणीतरी शिटी मारली. साहेबांनी वळून असं पाहिलं की शिटी तिथंच विरली. मग त्यांनी डोळे मिटले आणि आ केला. घास गिळून होतो न होतो तोच हिनं दुसरा पुढं केला.

"आणखी?"

"एकावर सोडत नाहीत, सर. आणि मग..." मला सांगताना लाज वाटत होती. "मग तुम्ही भरवायचं."

"मी?"

साहेबांनी रुमालानं हात पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. मोठा तुकडा मोडला, मग मोठा वाटला म्हणून त्यातला अर्धा खाली ठेवला. ठेचा बाजूला सारून वांग्यातला मऊ भाग तेवढा घेतला. "आ कर," ते म्हणाले.

तिनं घास घेतला आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. साहेब घाबरले. "तिखट लागलं व्हय गं? अरे पाणी आणा, गूळ आणा कुणीतरी!" तिनं मान हलवली. मग हळूच मला इंग्रजीत काहीतरी म्हणाली, आणि मी ते मराठीत सांगितलं.

"सर, ती म्हणतेय, घर सोडल्यापासून तिला कुणी भरवलं नव्हतं."

दोन वर्षं ती मला भरवत होती. मी हसत हसत खात होते.

साहेबांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला. डबा संपवला, नळावर हात धुतले आणि आमच्याकडं न बघताच म्हणाले, "सोमवारी आठला गेटवर पाठव हिला. आन् डबा आणायचा नाय, सांग. माझ्यासंगं जेवायचं."

मी स्कूटीवरून आनंदानं ओरडतच आले. जालना रोडवर पहिल्याच आयएसडी बूथसमोर तिनं मला थांबायला लावलं. आत गेली, फोन लावला आणि तिच्या भाषेत भराभरा बोलत सुटली. ट्रेनिंगचं सांगत असेल, असं मला वाटलं. पण बोलताना ती हातानं हवेत घास करून दाखवत होती, जणू आईला तिकडं दिसणारच होतं. मग ऐकत राहिली, आणि रिसीव्हरवर हात ठेवून काचेचं दार थोडं उघडलं.

"आई विचारतेय," ती मला म्हणाली, "ते साहेब पोटभर जेवले ना?"