गिरणीचं हिरवं बटण

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही—नवऱ्याजवळही नाही. तुम्हालाच का सांगते आहे, तेही नीट कळत नाही.

पुणतांब्यात आमची पिठाची गिरणी आहे. सीमेवर लढाई पेटली, त्या आठवड्यातली गोष्ट. टीव्हीवर सांगत होते, देशाची कोठारं भरलेली आहेत, घाबरू नका. मोबाईलवर उलटंच—वीज तोडणार, रेशन बंद होणार, दळून ठेवा. सकाळपासून दारात पोत्यांची रांग. बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, एकीचं तर डोकं फुटलं. आणि मी? मी आमच्या घरची सहा पोती आधीच दळून घेतली होती.

दुपारी गिरणीचा पट्टा चाकावरून उतरला. मी मोटार बंद केली. माझी धाकटी जाऊ कमल नेहमीसारखी पट्टा बसवायला वाकली, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आक्का, लोकं उन्हात हुबी हायेत. तुमची पोती मागं ऱ्हायली असती तर काय मरनार हुतात का तुमी?"

खरंच बोलली होती ती. म्हणूनच का—?

माझा हात स्टार्टरवर होता. कमलचा हात पट्ट्याखाली होता. मला दिसत होतं. दिसत होतं, आणि मी हिरवं बटण दाबलं.

तीन बोटं गेली. तिची ती किंकाळी... भिंतीवरच्या पिठावर रक्त उडालं.

"बटन कुनी दाबलं?" कुणीतरी ओरडलं. माझ्या शेजारी भानुदास उभा होता—ऊसतोडीवरून नुकताच परतलेला, हातात बाजरीची पिशवी. मी म्हणाले, "यानं धक्का दिला मला, म्हणून हात पडला."

लोकांनी त्याला उंबऱ्यावर आपटलं, लाथांनी तुडवलं. "म्या न्हाई वो, म्या न्हाई," म्हणत होता. जबडा मोडला तेव्हा त्याचा आवाज बंद झाला. मी बघत होते. मला—कसं सांगू—सुटल्यासारखं वाटलं.

लढाई थांबली. ना वीज गेली, ना रेशन बंद झालं. आमच्या पिठात अळ्या पडल्या, गुरांना घातलं.

भानुदासला आता वाटतं, गर्दीत खरंच आपला धक्का लागला असेल. मध्यंतरी घरी आला, कमलसमोर खाली बसला. वाकड्या तोंडानं म्हणाला, "वहिनी, माझ्यामुळं झालं. माफ करा."

"जाऊ द्या भाऊ," कमल म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलं व्हय?"

मी तिथंच होते. दोघांना चहा दिला आणि आत गेले.