आठ थाऊ कमी

अमेरिकेत नोव्हायला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी क्वालिटीला होतो. म्हणजे लोकांवर अविश्वास दाखवायचाच मला पगार मिळायचा, आणि घरी तेच काम मी फुकट करायचो. डाळीचं पाकीटसुद्धा वजनकाट्यावर ठेवून बघायचो. बायको म्हणायची, "तू ना, लग्नात मंगळसूत्रही तपासलं असशील." तपासलं होतं.

२००४ साली काकांनी मला एल्कच्या शिकारीसाठी कोलोरॅडोला न्यायचं ठरवलं. काका नात्याचे नव्हेत. तीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेले निवृत्त इंजिनिअर. पण या देशात हक्काने रागावणारं आम्हाला दुसरं कोणी नव्हतं. शिकार त्यांनीच शिकवली. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर, आणि माझी रायफल २४३ची, लहान गोळीची, हरणापुरती. "नवी कशाला घेतोस? बॅरल चेंज करून ३०८ कर," काका म्हणाले आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या, ओळखीच्या एका म्हाताऱ्या गनस्मिथकडे पाठवलं.

तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. "मोठी गोळी कशाला हवी?" मला नखशिखांत न्याहाळत त्याने विचारलं. ९/११ झाल्यापासून दोन-तीन वर्षं आमच्या रंगाच्या माणसाकडे सगळे असेच बघत होते. माझं डोकं फिरलं. काम बघायला थांबू का म्हटलं, तर नाही म्हणाला. दोन आठवड्यांनी रायफल हातात दिली. नव्या बॅरलवर, म्हणजे नळीवर, ३०८ कोरलेलं होतं. कोरायला काय, कोणीही कोरेल!

घरी येऊन रिकाम्या रायफलच्या नळीचं तोंड व्हर्निअरने मोजलं. इंचाचे ३०८ हजारांश हवे होते, भरले तीनशे. तीनदा मोजलं. आठ हजारांश, आमच्या भाषेत आठ थाऊ कमी. कारखान्यात एका थाऊसाठी मी अख्खा लॉट परत पाठवायचो.

तसाच काकांना फोन लावला. "काका, तुमच्या माणसाने मला चुना लावलाय. तुमचं काय ठरलंय त्याच्याशी?"

 "त्यालाच जाऊन विचार" म्हणून त्यांनी फोन ठेवला. बघ, सरळ उत्तर टाळलं, असं मी बायकोला सांगितलं.

गनस्मिथने माझं सगळं ऐकून घेतलं. शिशाचा मऊ गोळा नळीतून ठोकत पार बाहेर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "आता मोज." नळीच्या आतल्या पीळदार खाचांचे ठसे गोळ्यावर उंचवट्यांसारखे उठले होते. त्यांच्यावरून माप घेतलं. बरोबर ३०८. माप खाचांच्या तळापासून तळापर्यंत धरतात. मी खाचांमधल्या वर आलेल्या कडांवर मोजलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढली, आणि कुठून मोजायचं हे एकदाही विचारलं नव्हतं. 

"तू पहिल्यांदा येऊन गेलास, तेव्हा दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, पोलिसांना कळव," तो म्हणाला. "मी तुझ्या काकांना फोन केला. ते म्हणाले, माझा मुलगाच समज. मग मी पुढे काही विचारलं नाही."

काकांनी त्यानंतर माझे फोन घेतले नाहीत. शनिवारी चकल्यांचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. कोलोरॅडोला निघायला अजून चार दिवस होते. माफीचं वाक्य गाडीत पाठ केलं होतं, तरी तोंडातून फुटेल की नाही याची धास्ती होती.

दार काकूंनी उघडलं. "अगंबाई, तू? अरे, हे तर काल सकाळीच निघाले. म्हणाले, तुझं यायचं कॅन्सल झालंय."