दोन बटणं एकदम दाबली तर

"दोन बटणं एकदम दाबली तर काय होईल?" ओकादा-साननी विचारलं.

"मी पडेन," हॅरी म्हणाला.

मी ते जपानीत सांगितलं. क्लायंटचे मॅनेजर ओकादा-सान गंभीर झाले. "स्पेसिफिकेशनमध्ये पडणं नाही."

कोबेतल्या एका म्युझियमचं हे काम. मी ब्रिज इंजिनिअर, म्हणजे जपानी क्लायंट आणि सॉफ्टवेअर लिहिणारी पुण्याची टीम यांच्यामधला निरोप्या. हॅरी हा साठीतला ब्रिटिश परफॉर्मन्स आर्टिस्ट. स्वतःच्या अंगानं कला करणारा. एकदा तो खांद्यावर दार घेऊन लंडनभर फिरला होता आणि प्रत्येक दुकानात शिरण्याआधी त्याच दारावर टकटक करत होता. आता गुडघे गेले होते. हा शो चालला तरच पुढचं बोलावणं, नाहीतर कायमचं घरी.

शो साधा होता. प्रेक्षकांनी बटण दाबायचं, समोरचा बोर्ड सांगेल ते हॅरीनं करायचं: नाच, वाक, झोप. खरी गंमत बटणांच्या गोंधळात.

पण प्रत्येक गोंधळ टेस्ट करून मंजुरी घ्यायची तर रिलीज हुकणार होतं. मी दमलो होतो. म्हटलं, "एका वेळी एकच बटण दाबा, अशी पाटी लावू." ओकादा-सान लगेच हो म्हणाले.

"बॉस तू आहेस," हॅरी एवढंच म्हणाला.

उद्घाटनाला लोकांनी शिस्तीत रांग लावली. प्रत्येकजण एकच बटण दाबायचा, वाकून नमस्कार करायचा, पुढे जायचा. हसत कुणीच नव्हतं. हॅरी घामाघूम होऊन शाळेतली कवायत केल्यासारखा नाचत होता. म्युझियमच्या संचालक बाई घड्याळ बघू लागल्या.

मला बघवेना. रांगेत उभा राहिलो आणि नंबर आल्यावर दोन्ही पंजांनी सगळी बटणं दाबली.

बोर्ड वेड्यासारखा लुकलुकला. हॅरी नाचताना वाकला, वाकताना झोपला आणि धाडकन पडला. मागच्या आजीबाई खुदकन हसल्या. मग त्यांनी आपली पर्सच बटणांवर ठेवली.

"देवधर-सान!" ओकादा-सान माझ्या कानाशी आले. "हे प्रॉडक्शन आहे!" म्हणजे चालू सिस्टीम. तिच्यावर प्रयोग करणं हे आमच्या धंद्यातलं पाप.

शो चालला. हॅरीला पुढचं बोलावणंही आलं. मला रिपोर्ट लिहावा लागला. 'पुन्हा घडू नये म्हणून उपाय' या रकान्यात मी लिहिलं: पाटी काढावी. ओकादा-साननी न हसता शिक्का मारला.

जपानात चूक झाली की माणसाला सोडून प्रोसेसला दोष देतात. पद्धत चांगली आहे. फक्त पाटी सुचवणारा मी होतो, आणि ते लिहायला रिपोर्टमध्ये रकाना नव्हता.