लांडग्याचा डावा कान

ही गोष्ट आजवर कुणाच्या कानावर गेलेली नाही. आईच्या नाही, बायकोच्या नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ द्या, कारण काय सांगायचं.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची वर्षं. सोलापुरात तेव्हा सिनेमा सुरू व्हायच्या आधी कधीमधी छोटं कार्टून दाखवायचे. एकदा लाल टोपीवाली पोरगी, आजी आणि लांडगा लागला. शाळेतली तीच गोष्ट, पण पार उलटी केलेली. आजीच लांडग्याला बडवते. तो चपातीसारखा सपाट होतो, आणि पुन्हा उभा राहून दात दाखवतो. मी आणि नरसय्या हसून हसून खुर्चीतून खाली यायचे राहिलो. विशीतले होतो, एकाच कारखान्यात शेजारच्या मागांवर. नरसय्या म्हणाला, हे आपण गणपतीत करायचंच.

तो लांडगा झाला, मी नऊवारी नेसून आजी. आजी विणकरीण, म्हणून तिच्या हातात धोटा — मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो ना, तो. खरा धोटा चांगला जड, दोन्ही टोकांना लोखंड. आमचा पुठ्ठ्याचा होता. लांडगा आजीच्या खाटेवर चादर ओढून झोपणार आणि मी त्याला चादरीसकट बडवणार. एवढंच.

तालमीत नरसय्यानं लांडग्याला एक चाल दिली. डावा पाय फरफटत, खांदा वाकडा. कुणाची ते सगळ्यांना कळलं. माझ्या वडिलांची, अप्पांची. त्यांचा पाय मागाच्या पट्ट्यात सापडला होता. पोरं लई हसली. आणि मी? मी पण हसलो. 'ती चाल काढ रे' एवढं म्हणायला काय झालं होतं मला? भित्रा होतो. माझंच हसं होईल म्हणून गप्प बसलो.

कार्यक्रमाला अप्पा पुढच्याच रांगेत. लांडगा लंगडत आला, लोक खदाखदा हसले. अप्पांनी आपला पाय हळूच ओढून खुर्चीखाली घेतला. मी पडद्याआडून पाहत होतो. माझ्या पिशवीत खरा धोटा होता. रागाच्या भरात हाताला लागला असं म्हणू नका — मी तो घरून निघतानाच घेतला होता.

पहिला घाव पाठीत बसला. लोक हसले. दुसरा बरगडीत. चादरीतून आवाज आला, "अय्यो दत्त्या, खरंच लागतंय की रे!" माझं नाव ऐकून लोकांना आणखीच गंमत वाटली, शिट्ट्या पडल्या. तिथं तरी थांबायचं ना? त्याचं डोकं कुठं आहे ते चादरीवरून दिसत होतं. मी तिथं मारलं. पुन्हा तिथंच मारलं. तो चादरीत गुरफटून धडपडत होता, आणि मला — हे सांगायलाच जड जातंय — मला बरं वाटत होतं.

कार्टूनमधला लांडगा उठतो. नरसय्या उठला नाही. चादरीवर रक्त दिसलं तेव्हा मी धोटा पदराखाली घेतला आणि ओरडलो, खाटेची कड लागली. सगळ्यांनी मानलं. शुद्धीवर आल्यावर त्यानंही मानलं. धोटा खरा की पुठ्ठ्याचा, चादरीआडून त्याला काय दिसणार? अप्पा मोसंबी घेऊन लंगडत दवाखान्यात गेले, त्याच्या उशाशी बसून राहिले.

जखम भरली, डावा कान गेला. पुढं लोक खाटही विसरले. मागाच्या खडखडाटानं गेला असंल, म्हणायचे. आमच्या धंद्यात जातोच. मी मान हलवायचो.

तेव्हापासून मी त्याच्या उजव्या बाजूलाच बसतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगतो, "दत्त्याला कधी सांगावं लागत न्हाय."

मागं एकदा मुद्दाम डावीकडं बसलो. हळू आवाजात सगळं सांगितलं, धोट्यासकट. तो माझ्याकडं वळला.

"काय म्हणलास?"

"काय न्हाय," म्हणालो. "चहा घेतोस का?"