धरून की सोडून?

आमच्या सौ.च्या मामांनी आकड्यांवर जेवढा संशय घेतला, तेवढा सोलापुरातल्या कुठल्याही फौजदारानं चोरांवर घेतला नसेल. त्यांची उभी नोकरी होटगीच्या मालधक्क्यावर, वजनकाट्यापाशी गेलेली. कुणी आकडा उच्चारला की मामांचा प्रश्न ठरलेला, "धरून की सोडून?" नवी पेठेत रिक्षावाला "तीन शीट" म्हणाला, तर मामा एक पाय बाहेरच ठेवून विचारणार, "तू धरून की सोडून?" आमची थोरली झाली तेव्हा नर्सबाईंनी हौसेनं साडेसहा पौंड वजन सांगितलं. मामांनी विचारलं, "दुपटं धरून की सोडून?" पोर पुन्हा काट्यावर गेली, अर्धा पौंड घटली आणि सौ. मामांशी पंधरा दिवस बोलली नाही. मामांना त्याचं काही नाही. "पोरगी तेवढीच हाय की. आकडा तेवढा खरा झाला," म्हणाले.

पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी एका सूतगिरणीत वाहतुकीचा कारकून होतो. गिरणीचा नवा बॉयलर होटगीला वॅगनमधून उतरला होता आणि तो त्याच दिवशी गिरणीत पोचवायची जबाबदारी माझी. बॉयलर सुट्या भागांसकट अठरा टनांचा. भाड्यानं आणलेल्या ट्रेलरच्या अंगावर ठसठशीत 'पंचवीस टन' रंगवलेलं. मी निर्धास्त. क्रेननं माल चढला, साखळदंड आवळले, ड्रायव्हर चढून बसला आणि निवृत्तीनंतरही होटगीतच राहणारे मामा काठी टेकत हजर.

"जावईबापू, पंचवीस टन कसं? ट्रेलर धरून की सोडून?"

"सोडून!" मी वैतागून म्हणालो. "पंचवीस म्हणजे पंचवीस टन माल. आता निघताना खोडा घालू नका, मामा."

मामांनी धोतराचा सोगा खोचला आणि ट्रेलरपुढं रस्त्यातच मांडी घातली. "लिव्हलेलं दावा, मग उठतो." हमाल जमले, ड्रायव्हर हसायला लागला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाइलाजानं मी ट्रेलरची चिखलानं लडबडलेली पत्र्याची पाटी शोधली, फडक्यानं पुसली, वाचली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिकामा ट्रेलरच नऊ टनांचा होता आणि पंचवीस हे मालासकट सगळं मिळून. म्हणजे माल सोळाच टन न्यायचा. मी अठरा चढवले होते!

बॉयलरची सुटी दारं, लोखंडी जाळ्या असा तीन टनांचा ऐवज उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये घातला. साहेबांची बोलणी खायची तयारी ठेवून मी ड्रायव्हरशेजारी बसलो. ओढ्याच्या उतारावर ट्रेलरखाली काडकन आवाज झाला. ड्रायव्हर उतरून वाकला. मागच्या चाकांवर भार पेलणाऱ्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक पाटा तुटला होता. बाकीच्या पाट्यांनी भार कसाबसा पेलला होता. घाम पुसत तो म्हणाला, "ते तीन टन वर असते तर आपण आत्ता खाली ओढ्यात असतो की, सायेब." इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

कमान आवळून, हळूहळू, दिवस मावळायच्या आत बॉयलर गिरणीत पोचला. घरी गेलो तर मामा एसटीनं येऊन, चहा पिऊन परतलेसुद्धा होते. सौ.ला सांगून गेले होते, "जावईबापूंची नजर लई बारीक. पाटी वाचून त्यांनीच गाडी थांबवली." ती इतक्या कौतुकानं माझ्याकडं पाहत होती की मला खरं सांगवेना.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सौ. ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगते आणि मी खाली मान घालून चहा पितो. आता ती हे वाचेल. वाचू दे.